तीन पर्याय आणि एक गप्प

विनोदी मालिकेबद्दल माझं मत ठाम आहे:
सोफा चांगला हवा.
तिघं बसतील, चौथा हातावर टेकेल,
पाचव्याने दारातून थेट आत यायचं, बेल न वाजवता.
मागे हसण्याची टेप लावतात, तिला लोक नावं ठेवतात.
मी नाही ठेवत.
रावपुऱ्यात दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलतो,
'हे बरं की आधीचं? आता? आणि आता?'
रात्री दुसऱ्या कुणीतरी ठरवून द्यावं
कुठे हसायचं ते.

शिवाय तिथे दर गुरुवारी सगळं माफ.
मेहुण्याने स्कूटर परस्पर विकली,
सासू तिजोरीत अडकली,
पुढच्या भागात तिजोरी उघडी, सासू चहा गाळतेय.
कुणाला काही आठवत नाही.
याला उथळपणा म्हणतात.
मी दया म्हणतो.

खेळांचं उलटं.
तिथे पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात:
'ती हे लक्षात ठेवेल.'
मी एवढंच म्हणालो होतो, कंदील तू धर.
एकसष्ट तासांनंतर, तिसऱ्या बेटावर,
तिने मला पूल ओलांडू दिला नाही. कंदिलापायी.
पारेख म्हणतो, सगळी बनवाबनवी आहे,
दारं तीन दाखवतात, मागे बोळ एकच.
असेल.
मांडवीलाही चारी बाजूंनी कमानी आहेत,
कुठूनही शिरा, गर्दी तीच.
पण शिरताना निवडलं आपणच ना?
यावर पारेख सेव-उसळीत आणखी तरी ओततो
आणि बोलत नाही.
गप्प राहणं हाही पर्याय असतो,
चांगल्या खेळात तो चौथा, नुसत्या तीन टिंबांचा.
मी बहुतेकदा तोच दाबतो.

मृदुलाने विचारलं होतं, आईच्या औषधांचं कोण बघणार.
तेव्हा नेमका दाबला नाही.
पर्याय न वाचताच वरचं बटण दाबावं तसं म्हणालो,
'तुला आणंदला बसून काय कळतंय?'
कोपऱ्यात अक्षरं आली नाहीत.
यायला हवी होती.
तेरा महिने झाले.

मग विश्वामित्री घरात आली.
पहाटे चार, वीज गेलेली,
पाणी घोट्याला, मग पोटरीला.
टीव्हीखाली कन्सोल, त्यात माझे एकसष्ट तास.
शेजारी बुटांचा खोका, त्यात कॅसेटी:
लहानपणी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून
भरून घेतलेल्या गुरुवारच्या मालिका.
इथे घटत जाणारी पट्टी नव्हती,
संगीत चढलं नाही.
मी काय उचललं, सांगू?
चपलांचा स्टँड.
दोन मजले वर नेला, जपून, चपलांसकट.

कन्सोल गेला.
कॅसेटी गच्चीत वाळत घातल्या, चड्ड्यांच्या दोरीवर.
एक वाजली,
विहिरीतून कुणी बोलावं तशी.
संवादांचा सगळा चिखल.
पण विनोदाच्या आधी,
टेपवरचे लोक हसतात त्याच्याही आधी,
एक हसू लख्ख.
मृदुला, वय वर्षं नऊ.
तिला वाक्य यायच्या आधीच कळायचं, दम म्हणून निघायचा नाही.
आणि मागून मी, वैतागून:
'थांब ना, अजून झालंच नाहीये!'

परवा फोन लावला.
मनात पर्याय मांडून ठेवले होते:
माफी, औषधं, हवापाणी.
टिंबं दाबायची नाहीत, एवढं नक्की.
ती म्हणाली, 'बोल.'
मी चपलांच्या स्टँडपासून सुरुवात केली.
जिना, अंधार, हातातून निसटलेली एक कोल्हापुरी,
ती तरंगत फाटकाकडे निघालीये,
आणि तिकडून हसू.

अगं थांब, म्हटलं,
अजून मगर आलीच नाहीये.